ऑइल बदललं तरी पिकअपची थरथर परत येते? आधी डब्यावरचं नाव वाचा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पिकअप येते आणि मालक उतरता उतरताच सांगतो, "दोन महिन्यांपूर्वी ऑइल बदललं. महिनाभर लोण्यासारखी चालली, आता परत तेच सुरू." हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप निघतो : कोणतं ऑइल घातलं? उत्तरही ठरलेलं. "चांगल्या कंपनीचंच. ते लाल असतं ना, ते."

लाल तर जवळजवळ सगळीच असतात. खाली डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता यावं म्हणून तो रंग घालतात, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. जर्मन झेडएफच्या ८ स्पीड गिअरबॉक्सचं मूळ ऑइल हिरवं असतं.

दुरुस्त करून पाठवलेली गाडी त्याच तक्रारीने परत आली की मेकॅनिकला तोंड लपवावंसं वाटतं. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे अशा गाड्या परत आल्या, आणि दोष कधी गिअरबॉक्सचा निघाला नाही. दोष निवडीचा होता. तेव्हापासून जो क्रम पाळतो तो इथे देतोय. वरून खाली जा, मधली पायरी गाळू नका. पहिल्या काही तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि बऱ्याच गाड्या तिथेच सुटतात.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे थरथर. साधारण ५० ते ८०च्या वेगात, रेस हलकी दाबलेली असताना, रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखं वाटतं. एक-दोन सेकंद, मग थांबतं. रेस जोरात दाबली किंवा पूर्ण सोडली की नाहीसं होतं. सपाट रस्त्यावर आणि हलक्या चढावर हमखास.

दुसरं, गिअर बदलताना इंजिनचा आवाज एकदम वर जातो, काटा उडतो आणि मग झटका बसून गिअर लागतो. तिसरं, सकाळी थंड गाडी डी मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धप्प. चौथं, एरवी ठीक, पण मागे माल किंवा ट्रेलर असला आणि गाडी तापली की पिकअपचा पिकअपच जातो.

आणि एक शांत लक्षण : दर थोड्या दिवसांनी पातळी कमी भरते, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. त्याच्याकडे खाली वेगळं येऊ.

रिकामा डबा आणि गाडीचं पुस्तक

मागच्या वेळी भरलेल्या ऑइलचा रिकामा डबा शोधा. नसेल तर बिल शोधा. मग गाडीसोबत आलेल्या पुस्तकात एटीएफचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचं, नेमकं नाव बघा. दोन्ही नावं अक्षर न अक्षर जुळतात का? 'डेक्सरॉन' हे एका एटीएफचं नाव, पण नुसतं 'डेक्सरॉन' आणि 'डेक्सरॉन' जुळून भागत नाही, पुढचा आकडाही जुळला पाहिजे.

पण पुस्तकाआधी एक गोष्ट पक्की करा. एटीएफ गाडीचं नाव सांगून घेऊ नका, गिअरबॉक्सचं नाव सांगून घ्या. २०१७ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये एका इंजिनबरोबर १० स्पीडचा गिअरबॉक्स येत होता आणि त्याच वर्षी, त्याच नावाच्या गाडीत, दुसऱ्या इंजिनबरोबर ६ स्पीडचा. पहिल्याला मर्कॉन यूएलव्ही लागतं, दुसऱ्याला मर्कॉन एलव्ही. नावात एका अक्षराचा फरक आणि ऑइल पूर्ण वेगळं. रॅम १५०० चंही तसंच. ६ स्पीडच्या जुन्या गिअरबॉक्सला एटीएफ+४, ८ स्पीडला झेडएफच्या धाटणीचं वेगळं ऑइल. '+४' वर वर्षानुवर्षं हात बसलेला मेकॅनिक ८ स्पीडमध्येही तेच ओततो आणि मग गाडी का रुसली ते त्याला कळत नाही. गिअरबॉक्सचं नाव दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर संकेताच्या रूपात असतं किंवा गिअरबॉक्सच्या अंगावरच्या पट्टीवर. किती पुढचे गिअर आहेत एवढं मोजलं तरी अर्धं काम होतं.

आता नवं ऑइल जुन्याच्या जागी चालतं का, हा सगळ्यात फसवा भाग. एकच नियम सगळ्यांना लागू पडला असता तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

जीएमचं (जनरल मोटर्सचं) डेक्सरॉन ३ हे कित्येक वर्षं सर्रास वापरलं गेलं. कंपनीने त्याचे परवाने २००६ अखेर बंद केले. आज डब्यावर 'डेक्सरॉन ३ साठी योग्य' असं छापलेलं दिसतं ते भरणाऱ्या कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं, त्यावर जीएमचा शिक्का नसतो. २००५ मध्ये आलेलं डेक्सरॉन ६ जुन्या डेक्सरॉनच्या जागी चालतं, हे जीएमच सांगते. उलट मात्र नाही. डेक्सरॉन ६ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ३ घालायचं नाही. फोर्डकडे मर्कॉनच्या जागी मर्कॉन ५ चालतं, पण मर्कॉन ५ च्या जागी मर्कॉन एलव्ही चालत नाही आणि एलव्हीच्या जागी यूएलव्हीही नाही. क्रायस्लरचं एटीएफ+४ हे +३ ची जागा घेतं. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस ही दोन वेगळी ऑइलं आहेत. जुन्या हायलक्सला एक, नव्याला दुसरं, अदलाबदल नाही.

म्हणजे 'नवं ते चांगलं, तेच घाला' हेही चुकीचं आणि 'जुनं जाड ते दणकट' हेही चुकीचं. जाडीचंच बघायचं तर १०० अंश तापमानाला डेक्सरॉन ३ ची जाडी साधारण ७.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) असते, डेक्सरॉन ६ ची जास्तीत जास्त ६.४, आणि यूएलव्ही प्रकारची साडेचारच्या आसपास. माल वाहणारी गाडी म्हणून मुद्दाम जाड ऑइल घालणारे मालक भेटतात. हेतू चांगला, पण नव्या गिअरबॉक्सचा पंप, झडपांच्या फटी आणि कॉम्प्युटरचं वेळेचं गणित पातळ ऑइल धरूनच बसवलेलं असतं. जाड घातलं की थंड सकाळी गिअर लागायला वेळ लागतो. वर सांगितलेलं 'धप्प' बऱ्याचदा हेच असतं.

राहिलं 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेलं ऑइल. सगळंच टाकाऊ नसतं. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. 'शिफारस केलेलं', 'वापरण्यास योग्य' हे शब्द एका बाजूला, आणि 'मान्यताप्राप्त' हा शब्द परवाना क्रमांकासह दुसऱ्या बाजूला. खऱ्या डेक्सरॉन ६ च्या डब्यावर इंग्रजी जे अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ज्या डब्यावर एकमेकांशी न जुळणाऱ्या वीस ऑइलांची नावं एकत्र आहेत, एलव्ही, यूएलव्ही, +४, डब्ल्यूएस सगळं एकाच डब्यात, तो मी माझ्या गाडीत घालत नाही. एकच वस्तू साडेचार आणि साडेसात जाडीची असू शकत नाही.

नावाला एवढं महत्त्व का

इंजिन ऑइलने घसरायला मदत करायची असते. एटीएफचं काम विचित्र आहे. बेअरिंगला आणि गिअरला त्याने घसरू द्यायचं, आणि क्लचच्या चकत्यांना मात्र पकडू द्यायचं. तीही ठरलेली पकड. जास्त झाली तर झटका, कमी झाली तर घसरण.

त्यातून टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, सगळ्यात नाजूक. बऱ्याच नव्या गाड्यांत तो नेहमी पूर्ण मिटत नाही. इंजिनची धडधड केबिनपर्यंत पोहोचू नये म्हणून कॉम्प्युटर त्याला मुद्दाम किंचित घसरवत ठेवतो. मिनिटाला काही मोजके फेरे, तेवढंच. आता शाळेतला खडू आठवा. तो तिरका धरून ओढला की सलग रेघ उमटते, उभा धरून ढकलला की कर्रर्र करत टिंबं टिंबं पडतात. कारण खडू अडकतो, सुटतो, अडकतो, सुटतो. लॉक-अप क्लचमध्ये घर्षण बिघडलं की नेमकं हेच होतं, आणि ती टिंबं म्हणजे तुम्हाला सीटखाली जाणवणारी थरथर.

ही टिंबं पडू नयेत म्हणून ऑइलमध्ये घर्षण सांभाळणारी रसायनं मिसळलेली असतात. प्रत्येक कंपनीचं मिश्रण तिच्या चकत्यांच्या मटेरियलला बेतलेलं. फोर्डचं जुनं 'टाइप एफ' आठवत असेल तर त्यात ही रसायनं नव्हतीच, त्यामुळे गिअर कडक लागायचा. आजच्या गिअरबॉक्समध्ये ते घातलं तर थरथर मागून घेतल्यासारखं होईल.

ही रसायनं उष्णतेने आणि काळाने संपतात. नवं ऑइल घातल्यावर महिनाभर गाडी छान चालते आणि मग परत सुरू होते, त्याचं मूळ इथे आहे. आत राहिलेलं निम्मं जुनं ऑइल नव्याची ताकद खात बसतं, किंवा नव्यात मुळातच चुकीचं मिश्रण असतं आणि पहिले काही दिवस केवळ ताजेपणावर निभावतं. जीएमच्या ८एल९० आणि ८एल४५ या ८ स्पीड गिअरबॉक्सच्या थरथरीवर कंपनीने शेवटी दिलेला उपायही पूर्ण ऑइल बदलण्याचाच होता, आणि तोही वेगळ्या मिश्रणाचं ऑइल वापरून. जुनं ऑइल हवेतला ओलावा धरत होतं. तेव्हा अर्धा भरलेला डबा झाकण उघडं ठेवून महिनोन् महिने कोपऱ्यात ठेवू नका आणि तसा कुणी ठेवला असेल तर तो वापरू नका.

ब्रेकला नुसतं टेकवून बघा

थरथर कन्व्हर्टरची की इंजिनची, हे एका पायाने कळतं. मोकळा, सरळ रस्ता बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा. थरथर सुरू झाली की उजवा पाय रेसवर तसाच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडलला इतकंच टेकवा की मागचा दिवा लागेल, ब्रेक लागणार नाही. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच दबला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. काटा शे-दोनशेने वर जातो. त्याच क्षणी थरथर गेली आणि पाय काढल्यावर परत आली, तर दोषी लॉक-अप क्लचच.

टेकवूनही तशीच राहिली तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. पेट्रोल इंजिनात प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल, डिझेलमध्ये इंजेक्टर. हलक्या रेसवर, कमी फेऱ्यांवर मिसफायरही अगदी असाच वागतो. रेस कशीही असो, थरथर फक्त वेगाबरोबर वाढत असेल तर चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) बघा. लांब पिकअपमध्ये हा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो आणि मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं की उभ्या जागेवरून निघताना गाडी अंग झटकते. असा शाफ्ट असताना दोनदा एटीएफ बदलून घेतलेले मालक मी पाहिलेत.

पातळी, रंग, वास

ज्या गाडीला ऑइलची पट्टी आहे तिथे पाच मिनिटांचं काम, पण ते इंजिन ऑइलसारखं बंद गाडीत करायचं नाही. गाडी सपाट जागेवर, चालवून तापलेली, इंजिन सुरू, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पेडलवर पाय. प्रत्येक गिअरमधून दांडा हळूहळू फिरवून परत पी मध्ये आणा. काही जुन्या क्रायस्लर गिअरबॉक्सना न्यूट्रल लागतं, पट्टीवरच लिहिलेलं असतं. पट्टी पुसायला धागे न सोडणारं कापड घ्या. झडपांच्या फटी इतक्या बारीक असतात की एक धागाही अडकू शकतो.

गरमच का? दहा लिटर एटीएफ ६० अंशांनी तापलं की जवळपास अर्ध्या लिटरने फुगतं. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलंत तर ते तापल्यावर जास्त होणार. जास्त झालेलं ऑइल फिरणाऱ्या भागांत घुसळलं जातं, फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही. कमी असलं की पंप हवा ओढतो, पुन्हा फेस. म्हणजे 'थोडं जास्तच भरा, बरं असतं' यात बरं काही नाही. दोन्हीकडून घसरणच.

मग एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर, पसरत जाणारा, कडेला स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी म्हणजे वय झालेलं, बदला. मधोमध काळा ठिपका राहत असेल आणि करपलेल्या दुधासारखा वास असेल तर चकत्या जळल्या आहेत. ऑइल बदलून त्या परत येत नाहीत. 'ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' ही ओरड बहुतेक इथून येते. गिअरबॉक्स आधीच गेलेला असतो, लोक ऑइल तेव्हा बदलतात.

गुलाबी आणि दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. रेडिएटरच्या आतला गिअरबॉक्सचा कूलर फुटून कूलंट एटीएफमध्ये शिरलंय. कूलंटमुळे चकत्यांचं मटेरियल धरून ठेवणारा गोंद सुटतो. 'घरापर्यंत तर जाऊ' म्हणून तापवलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं ते मला विचारू नका.

थेंब न पडता कमी होणारं ऑइल

एक ४x४ पिकअप दर महिन्याला जवळपास अर्धा लिटर एटीएफ पीत होती. मालक दर वेळी जो डबा मिळेल त्यातून वरून टाकत होता, त्यामुळे आत काय काय मिसळलं होतं देव जाणे. खाली कोरडं ठणठणीत. मी आडवा होऊन ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सला जोडलेला, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) भरायचा बोल्ट सैल केला, आणि तो हातात येईपर्यंत लाल ऑइल मनगटावरून बाहीत, कोपरापर्यंत. केस काठोकाठ भरून वाहत होती. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधलं सील गेलं होतं आणि ऑइल बाहेर पडायच्या ऐवजी शेजारच्या घरात जात होतं. सील बदललं, दोन्हीकडचं ऑइल बदललं.

म्हणून ४x४ गाडीत पातळी गूढपणे कमी होत असेल तर वरून टाकत बसण्याआधी तो एक बोल्ट उघडून बघा. ट्रान्सफर केसला कधी एटीएफ लागतं, कधी वेगळंच ऑइल. तेही पुस्तकातूनच ठरवा. खूप जुन्या गाड्यांत, ज्यांना व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या ओढीवरून गिअरबॉक्सचा दाब ठरवणारी डबी) असतो, त्याचा पडदा फाटला की इंजिन एटीएफ ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

बाहेर गळती दिसत असेल तर उगम बघा. चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) पॅकिंग, कूलरच्या नळ्यांचे जोड, मागचं सील ही घरच्या किंवा जवळच्या गॅरेजची कामं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, घंटेच्या आकाराच्या भागातून ठिबकत असेल तर पंपाचं पुढचं सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

स्कॅनर लावा

साधा स्कॅनरही पुरतो. पी ०७४१ म्हणजे लॉक-अप क्लच नीट पकडत नाही. पी ०२१८ म्हणजे ऑइल फार तापलं. पी ०७३० म्हणजे कॉम्प्युटरने सांगितलेला गिअर आणि प्रत्यक्ष फिरणारा गिअर यांचं प्रमाण जुळत नाही. पी ०७०० एकटा दिसला तर तो नुसता निरोप्या आहे, खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि तो वाचणारा स्कॅनर हवा.

कोडपेक्षा मला तापमान महत्त्वाचं वाटतं. मोकळ्या रस्त्यावर ८० ते ९५ अंश साधारण ठीक. माल घेऊन चढावर ते १२० च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल तर जगातलं सगळ्यात योग्य एटीएफही लवकर संपेल. ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेने ऑइल खराब होण्याचा, ठोकताळा असा की दर १० अंशांनी वेग साधारण दुप्पट होतो. अशा वेळी कूलरच्या जाळीतली माती धुवा, ट्रेलर ओढताना टो मोड वापरा, आणि सतत ओझं असेल तर जादा कूलर बसवा. महागडं ऑइल घालून तापमानाचा प्रश्न सुटत नाही.

बदलायचंच ठरलं तर

खाली बसण्याआधी पहिला नियम : भरायचा बोल्ट आधी उघडा, काढायचा नंतर. भरायचा बोल्ट गंजून बसला असेल तर ते रिकाम्या गिअरबॉक्सखाली आडवं पडून कळण्यात मजा नाही. गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), सपाट. नुसत्या जॅकवर कधीच नाही. ऑइल कोमट असू द्या, चालवून आल्या आल्या काढलं तर हात भाजतो.

निघालेलं ऑइल मापाच्या बाटल्यांत भरा. पातळी आधी बरोबर होती असं तपासलेलं असेल तर जेवढं निघालं तेवढंच परत घालायला सुरुवात करता येते.

चेंबर उघडलं की चुंबक बघा. बोटावर पेस्टसारखी लागणारी करडी बारीक पूड नेहमीची, तिला घाबरू नका. बोटांना टोचणारे चमकणारे कण किंवा पितळी रंगाच्या पापुद्र्या दिसल्या तर इथेच थांबा, नवं ऑइल वाया घालवू नका. फिल्टर आणि पॅकिंग बदला. काही चेंबर प्लॅस्टिकचे असतात आणि फिल्टर त्यांच्यातच, तिथे पूर्ण चेंबरच बदलतो. बोल्ट अंगच्या जोराने आवळू नका, चेंबर वाकतो आणि पुढच्या आठवड्यात गळायला लागतो.

आणि आता तो हिशोब, जो कुणी मालकाला सांगत नाही. चेंबरमधून निघतं ते सगळं ऑइल नसतं. कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बरंच राहतं. समजा एकूण १२ लिटर आहे आणि ५ लिटर निघालं. एकदा बदलल्यावर आत नवं फक्त ४२ टक्के. मधे थोडं चालवून दुसऱ्यांदा बदललं की ६६, तिसऱ्यांदा ८०. मागच्या वेळी चुकीचं ऑइल गेलं असेल तर एकदा बदलून थरथर जाणार नाही, गेली तरी परतणार. दोन-तीनदा करा किंवा कूलरची नळी सोडून गाडीच्या स्वतःच्या पंपाने जुनं बाहेर काढत नवं भरणाऱ्याकडे जा. उलट्या दिशेने जोराचा दाब देणारं मशीन मी जुन्या गिअरबॉक्सला लावत नाही. खाली बसलेली घाण झडपांत जाते.

पट्टी नसलेल्या गाडीत शेवटची पातळी ओव्हरफ्लो बोल्टने, म्हणजे जास्तीचं ऑइल ज्यातून बाहेर येतं त्या बोल्टने, ठरते. इंजिन सुरू, गिअर फिरवून परत पी मध्ये, स्कॅनरवर ऑइलचं तापमान पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात. हा पट्टा बऱ्याच गाड्यांत ३० ते ५० अंशांच्या दरम्यान कुठेतरी असतो. तेव्हा बोल्ट उघडा. धार येऊ द्या, ती बारीक होऊन टिपटिप पडायला लागली की बंद. काहीच आलं नाही तर अजून भरा. चेंबरला हात लावून 'साधारण चाळीस असेल' असा अंदाज चालत नाही, आणि चालू इंजिनाखाली तापलेल्या सायलेन्सरशेजारी हात घालताना बाह्या बांधलेल्या असू द्या. जुनं ऑइल बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

थरथर घालवणाऱ्या छोट्या ट्यूब मिळतात. त्यात तीच घर्षणाची रसायनं असतात. मी त्या इलाज म्हणून वापरत नाही, पण ट्यूब घातल्यावर थरथर गेली तर कारण ऑइल होतं एवढं मात्र कळतं. वॉरंटीतल्या गाडीत तेही करू नका.

इथे हात काढून घ्या

दुधाळ गुलाबी ऑइल. चेंबरमध्ये टोचणारे धातूचे कण. जळका वास आणि सोबत घसरण. रिव्हर्स लागतच नाही किंवा गाडी जागेवरून हलत नाही. एकाच गिअरमध्ये अडकून राहणारी आणि कोड पुसल्यावर लगेच परत तशीच होणारी गाडी. पुढच्या सीलची गळती. योग्य नावाचं ऑइल दोनदा-तीनदा बदलूनही ब्रेकच्या चाचणीला होकार देणारी थरथर, म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच झिजलाय. यातलं काहीही दिसलं तर फक्त गिअरबॉक्सच उघडणाऱ्या माणसाकडे जा. ब्रेक दाबून धरून पूर्ण रेस द्यायची 'स्टॉल टेस्ट' घरी करू नका. काही सेकंदांत आतलं ऑइल भाजून निघतं आणि गाडी सुटली तर समोर उभं असलेल्याचं काही खरं नाही.

न्यायची तर ओढूनही नेऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आणि मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप मागून उचलून, ४x४ असेल तर चारही चाकं वर घेऊन पाठीवर लादून. आणि तो रिकामा डबा सीटखाली टाकून द्या. त्या माणसालाही पहिला प्रश्न तोच पडणार आहे.